घाम गाळणाऱ्यालाही शुगर का होते?

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीचे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. गोदावरीचं आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी अंबड-घनसावंगीच्या शिवारात फिरलं, म्हणून इथे ऊस आला. आणि ऊस आला म्हणून तीर्थपुरीत समर्थ सहकारी साखर कारखान्याचं 'सागर' युनिट आहे. हंगाम सुरू झाला की मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या, उभ्या राहतात. पहाटे चारला चुली पेटतात, भाकरी थापून फडक्यात बांधली जाते आणि नीट उजाडायच्या आत टोळी फडात उतरते.

अशाच एखाद्या फडावरचा माणूस डोळ्यांसमोर आणा. वय ४२, वजन ५० किलो, पोट खपाटीला गेलेलं, हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. तो आणि त्याची बायको मिळून 'एक कोयता'. दोघं दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात, पाचट काढतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून वाहून गाडी भरतात. शिबिरात कुणी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि यंत्रावर २४० आकडा आला, तर त्याचा विश्वासच बसणार नाही. "मला शुगर? अहो, मी दिवसभर घाम गाळतो. मला कशी होईल?"

प्रश्न अगदी रास्त आहे. शुगर, बीपी हे बसून खाणाऱ्यांचे आजार, कष्टकऱ्यांना ते शिवत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात अर्धं तथ्य आहे. उरलेलं अर्धं चुकीचं आहे आणि त्यापायीच अनेकांची तपासणी वर्षानुवर्षं राहून जाते. ही दोन्ही अर्धं वेगळी करून पाहू या.

कष्टाचं संरक्षण: कोठाराची दोन दारं

अन्नाचं ताकदीत, मांसात आणि साठ्यात रूपांतर करण्याचा शरीराचा जो सगळा कारभार चालतो, त्याला चयापचय म्हणतात. या कारभारात साखरेचा हिशेब सगळ्यात नाजूक. भाकरी खाल्ली की तिच्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊन ती रक्तात उतरते. रक्त हा रस्ता आहे, साठवणीची जागा नव्हे. रस्त्यावर पोती फार वेळ पडून राहिली तर ती सडणार आणि रस्ताही अडणार. म्हणून ती लवकर कोठारात जायला हवीत.

शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. त्याच्या पुढच्या दाराची किल्ली इन्सुलिनकडे असते. इन्सुलिन हा स्वादुपिंडातून पाझरणारा रस. तो आला की दार उघडतं आणि साखर आत जाते. काही माणसांत हे कुलूप गंजतं. एका किल्लीनं दार उघडत नाही, चार लागतात. स्वादुपिंड बिचारं किल्ल्या घडवत राहतं आणि एक दिवस थकतं. कुलूप गंजण्याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात आणि रक्तात साखर साचत राहण्याला मधुमेह.

आता कष्टाची बाजू. या कोठाराला मागचंही एक दार आहे. स्नायू हलायला लागला, जोर लावायला लागला की ते आपोआप उघडतं. तिथे इन्सुलिनची किल्ली लागत नाही. कोयता चालवणारा हात, मोळी उचलणारी पाठ, गाडीच्या फळीवर चढणारे पाय रक्तातली साखर थेट ओढून घेतात. काम थांबल्यावरही कित्येक तास पुढचं कुलूप सैल राहतं. अंगमेहनत मधुमेहापासून वाचवते ती अशी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात मधुमेहाचं प्रमाण शहरांत सुमारे १६ टक्के होतं, तर खेड्यांत सुमारे ९ टक्के. या फरकात कष्टाचा वाटा आहे.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखंच आहे, १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खेड्यातला माणूस उंबरठ्यापर्यंत शहरातल्याच्या बरोबरीनं पोचला आहे. कष्ट त्याला तिथे थोपवून धरतात. कष्ट थांबले, दुखापत झाली, वय झालं, की त्याला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही.

बारीक अंगात लपलेली चरबी

'मी तर काडी आहे, मला कसली चरबी?' असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलं एक संशोधन महत्त्वाचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या होत्या. गरोदरपणाआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातली बाळं ३.५ किलोची होती.

वजनातला हा फरक अपेक्षितच होता. संशोधकांना थांबायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आपल्या बाळांचे स्नायू छोटे होते, पोटातले अवयव छोटे होते. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकी टिकून होती. बाळ दिसायला बारीक, आतून मात्र चरबीकडे झुकलेलं.

मोठेपणी हे कसं दिसतं, ते याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा होता: २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळलाच नव्हता.

यात अपाय नेमका कुठे होतो? कातडीखालची चरबी म्हणजे घरातली कणगी. जादा आलेलं धान्य तिच्यात सुरक्षित राहतं. काहींच्या घरी कणगीच लहान असते. चार पायल्या धान्य जास्त आलं की ते बाहेर सांडतं, चुलीपाशी, देवघरात, जिथे ते असू नये तिथे. शरीरात ही सांडलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडाभोवती आणि स्नायूंच्या आत शिरते. स्नायूंतलं कुलूप गंजतं ते बहुतांशी तिच्यामुळे. स्नायू छोटे म्हणजे कोठार आधीच लहान, वर कणगीही लहान. अशा माणसाला आजारी पडायला मोठं पोट सुटावं लागत नाही. दोन इंच घेर वाढला तरी पुरतं.

बारीक माणसाच्या मधुमेहाची आणखी एक वाट आहे. लहानपणी पोटभर न मिळालेल्या काही जणांत कुलूप चांगलं असतं, पण किल्ल्या घडवणारा कारखानाच अशक्त असतो. स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन बनवू शकत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी या रुग्णांचा बारकाईनं अभ्यास केला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं या प्रकाराला 'टाइप ५' असं नाव देऊन मान्यता दिली. अशा रुग्णाला 'वजन कमी करा, भात सोडा' असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपास सांगणं आहे.

आईच्या ओझ्याचा हिशेब

पुण्याच्याच त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणात ज्या बायकांना जास्त जड काम पडलं, त्यांची बाळं अधिक लहान जन्मली. याचा अर्थ सरळ आहे. आईच्या घासातले तीन वाटेकरी: तिचं स्वतःचं शरीर, पोटातलं बाळ आणि डोक्यावरची मोळी. मोळीचा वाटा वाढला की बाळाचा कमी होतो.

पोटातल्या बाळाला शिदोरी तुटपुंजी मिळाली की त्याचं शरीर काटकसर शिकतं. मेंदूला आधी पुरवायचं, स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्यावर कमी खर्च करायचा, मिळेल ती साखर चरबी करून ठेवायची. दुष्काळात ही काटकसर जीव वाचवते. पुढे भाकरीची सोय झाली, चहा-बिस्किट हाताशी आलं, की तीच अंगाशी येते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्या मुलांना मोठेपणी साखर पेलण्यात अडचण येत असल्याचं संशोधकांना आढळलं. मराठवाड्याला यासाठी परदेशात पाहायला नको. बाहत्तरच्या दुष्काळात ज्यांच्या आया खडी फोडत होत्या, ती मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाची साखर आणि बीपी मोजलं जायला हवं.

उपसा आणि झरा: कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. फडावरचा माणूस म्हणतो, रोज बारा तास तेच तर करतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघांच्या बोलण्यातली गोष्ट एक नाही.

विहिरीचं उदाहरण घ्या. रोज थोडा उपसा केला तर झरे मोकळे राहतात आणि पाणी ताजं राहतं. उपसा झऱ्यापेक्षा वाढला की विहीर तळ दाखवते. व्यायाम हा थोडा उपसा आहे. अर्धा-पाऊण तास जोर, मग विश्रांती, मग जेवण, मग झोप. स्नायू घडतात ते जोर लावताना नव्हे, नंतरच्या विसाव्यात. फडावरच्या कष्टात विसावाच नाही. वाकलेली पाठ, मानेवर वीस-पंचवीस किलोची मोळी, तासन् तास वाढलेले ठोके आणि वर चढलेलं बीपी. घरी आल्यावर बाईला स्वयंपाक, पाणी, लेकरं. रात्री-अपरात्री गाडी आली तर पुन्हा भरायला उठायचं.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी झाला. नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र जास्त झाला. त्यांचं शिक्षण, उत्पन्न, तंबाखू-दारू हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. डेन्मार्कचा कामगार आणि आपला ऊसतोड कामगार यांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण हृदयाला विश्रांती लागते, हा नियम दोन्हीकडे एकच.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानंच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता ढासळली. जागरणानं आणि काळजीनं अंगात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो. तो यकृताला हुकूम देतो: संकट आलंय, साखर सोड. संकट दोन मिनिटांचं असेल तर ते ठीक. पण मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटायची आहे, एक खाडा झाला तर पैसे कापले जाणार आहेत, ही काळजी सहा महिने सरत नाही, आणि तो हुकूमही मागे घेतला जात नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे सगळं कळतं, कारण तो बैल पाळतो. दुपारी जू उतरवतो, पाणी दाखवतो, पेंड चारतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण करतो. राबणाऱ्या जिवाला विसावा लागतो हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. ते फडातल्या माणसापर्यंत न्यायचं बाकी आहे.

भाकरी, चहा आणि तंबाखू

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबानुसार जड काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला रोज सुमारे ३४७० आणि ५५ किलोच्या बाईला सुमारे २७२० कॅलरी लागतात. बाजरीची एक मध्यम भाकरी साधारण २७० कॅलरी देते. नुसत्या भाकरीवर भागवायचं म्हटलं तर पुरुषाला बारा-तेरा भाकरी खाव्या लागतील. तेवढी भूकही नसते आणि वेळही नसतो. मग उरलेली भर चहा घालतो. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम.

इथे दोष भाकरीचा नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी बिस्किट-पावापेक्षा कितीतरी सावकाश पचते. अडचण आहे ती भाकरीच्या जोडीला काय असतं याची. मिरचीचा ठेचा आणि मीठ यांनी भाकरी घशाखाली उतरते, पण झिजलेला स्नायू भरून निघत नाही. त्याला प्रथिनं लागतात. धान्यात प्रथिनांचा एक घटक कमी पडतो आणि डाळीत नेमका तोच भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर पिठलं, मटकीची उसळ, हरभरे किंवा मूठभर शेंगदाणे आले की दोन्हींचं चीज होतं. परवडेल तेव्हा अंडं. स्नायू टिकला तर कोठार टिकतं.

तंबाखू आणि मिश्री भूक मारतात, म्हणून फडात त्यांची सवय लागते. निकोटिन बीपी वाढवतं आणि इन्सुलिनचं कुलूपही गंजवतं. भूक मेल्यामुळे घास टळतो, आणि संध्याकाळी एकदमच पोटभर खाल्लं की साखर एकदम चढते.

पाणी, ऊन आणि मूत्रपिंड

जड काम आणि ऊन एकत्र आलं की तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तेवढं पाणी परत मिळालं नाही तर रक्त घट्ट होतं आणि मूत्रपिंडाकडे जाणारा प्रवाह आटतो. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. पाण्याविना ती कोरडी घासली जाते.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडं मोठ्या संख्येनं निकामी होत आहेत. एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये हे जगापुढे मांडलं. या रुग्णांना ना मधुमेह होता, ना जुनं बीपी. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण कडक उन्हातलं जड काम आणि रोजचा पाण्याचा तुटवडा ही त्यातली ठळक कारणं मानली जातात. अंग कोरडं पडलं की मूत्रपिंडाच्या पेशी साखरेचं रूपांतर फ्रुक्टोजमध्ये करतात आणि त्यातून युरिक ॲसिड तयार होऊन गाळणीला इजा होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून तहानेला गोड थंडपेयाची बाटली हा उपाय नव्हे. निकाराग्वातल्या एका कारखान्यानं फडात सावली, पाणी आणि ठरावीक विश्रांती सुरू केली, तशी मूत्रपिंडाच्या इजेची प्रकरणं घटली.

आपल्या फडातली बाई मुद्दाम कमी पाणी पिते, कारण आडोसा नाही. त्यात अंग ठणकतं म्हणून रोज संध्याकाळी दुकानातून अंगदुखीची गोळी घेतली जाते. यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. ऊन, कमी पाणी आणि ही गोळी यांचा मेळ घातक आहे. ज्याला आधीच शुगर किंवा बीपी आहे, त्याच्यासाठी तर दुप्पट. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यांत भट्टीपुढे उभं राहणाऱ्या कामगारालाही हीच गोष्ट लागू आहे.

पिशवी काढली, पुढे काय?

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त महिलांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची 'पिशवी' काढलेली आढळली. चर्चा झाली ती शस्त्रक्रियेची गरज होती का, याची. पुढच्या चाळीस वर्षांत त्या बाईच्या शरीरात काय होतं, हे मात्र तिला कुणी नीट सांगत नाही.

बीजांडातून पाझरणारं इस्ट्रोजेन पाळीपुरतं नसतं. ते हाडं घट्ट ठेवतं, रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं आणि चरबी पोटावर साचू देत नाही. पिशवीबरोबर बीजांडंही काढली तर हे संरक्षण एका दिवसात जातं. ती ठेवली तरी अनेकींत ती लवकर थकतात. म्हणून तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाईचं बीपी, साखर आणि रक्तातली चरबी दरवर्षी तपासायला हवी, ती कितीही बारीक दिसली तरी.

कष्टाच्या आडोशाला लपलेला आजार

आता त्या ४२ वर्षांच्या माणसाकडे परत येऊ. त्याची शुगर इतकी उशिरा का सापडली? मधुमेहाची लक्षणं एकेक करून वाचा. सारखी तहान लागते: ऊन आहे. वजन उतरतं: हंगामात उतरतंच. थकवा येतो: बारा तास काम केल्यावर येणारच. पायाला मुंग्या येतात: दिवसभर उभं राहून. जखम लवकर भरत नाही: उसाचं पान लागलंय, चिघळलं असेल. डोळ्यांपुढे अंधारी येते: पोटात काही नसेल. प्रत्येक लक्षणाला कष्टाचं कारण तयारच असतं. शहरातल्या कारकुनाचं वजन महिन्यात सहा किलो उतरलं तर घरचे दवाखान्यात नेतात. इथे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

शिवाय गावात आशाताई तपासणीसाठी दारात येते तेव्हा दाराला कुलूप असतं, कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर असतं. गोळी चालू असलेल्यांची गोळी हंगामात तुटते. बधिर झालेला पाय पाचटातून चालतो, काटा रुततो आणि कळत नाही. पुढे तो पाय वाचवणं कठीण होतं.

चौकट: हे पाच आकडे लक्षात ठेवा

यातले तीन जरी बिघडले, तरी चयापचयाचा कारभार घसरतोय असं समजावं.

- पोटाचा घेर: पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८० सेंटिमीटर किंवा जास्त
- बीपी: १३०/८५ किंवा जास्त
- उपाशीपोटी साखर: १०० किंवा जास्त (१२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेहाची खात्री करावी)
- ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी: १५० किंवा जास्त
- एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल: पुरुष ४० पेक्षा, बाई ५० पेक्षा कमी

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी अंगात रक्त कमी असेल तर फसवू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांत रक्त कमी आढळलं. म्हणून जोडीला उपाशीपोटीची साखरही मोजून घ्यावी.

करायचं काय?

घरात करता येईल ते आधी. काम सुरू करण्याआधी दोन घास खाऊन निघावं, चहावर भागवू नये. चहातली साखर एकेक चमच्यानं कमी करावी. तहान लागायची वाट न पाहता अर्ध्या तासानं थोडं थोडं पाणी प्यावं, चिमूटभर मीठ घातलेलं ताक मिळालं तर फार चांगलं. ज्याला बीपी आहे त्यानं मीठ न घालता. अंगदुखीची गोळी रोजची सवय होऊ देऊ नये. शुगरची गोळी घेणाऱ्यानं उपाशीपोटी कोयता हातात घेऊ नये. काही गोळ्या आणि कष्ट मिळून साखर एकदम खाली आणतात. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, भोवळ आली, तर लगेच गूळ किंवा साखर तोंडात टाकावी आणि बसावं. रोज रात्री तळपाय बघावेत आणि फडात बंद बूट घालावेत.

हंगाम संपतो, पट्टा पडतो, तेव्हाही सावध राहायला हवं. कष्ट एकदम कमी होतात, भूक मात्र हंगामातलीच राहते. मागचं दार मिटलेलं आणि आवक तीच, असे हे महिने. त्या दिवसांत रोज अर्धा तास झपझप चालावं आणि जेवणात भाकरी थोडी कमी, डाळ-भाजी जास्त घ्यावी.

घराच्या हातात नसलेलंही बरंच आहे. फडात सावली, प्यायचं पाणी, बायकांसाठी आडोसा, दुपारचा ठरलेला विसावा आणि गरोदर बाईच्या डोक्यावरून मोळी उतरवणं, ही जबाबदारी मुकादम, कारखाना आणि शासन यांची. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कामगारांसाठीच स्थापन झालं आहे. आरोग्य तपासणी हा त्याच्या कामाचा कणा व्हावा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ती गावातल्या कुलूपबंद दारावर जाऊन परतण्याऐवजी कोपीपर्यंत जायला हवी.

हे अवघड नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते. तिचं वजन होतं, उसाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि साखरेचा उतारा दशांशापर्यंत मोजला जातो. त्याच काट्याच्या बाजूला एक टेबल, एक बीपीचं यंत्र, एक साखर मोजायचं यंत्र आणि एक परिचारिका बसली, तर गाडीबरोबर आलेल्या माणसाचा आकडा काही सेकंदांत कळेल. वर्षातून दोनदा पुरे: एकदा हंगामाच्या सुरुवातीला आणि एकदा पट्टा पडल्यावर गावी निघताना. आकडा लिहिलेला कागद खिशात घालून तो गावी जाईल, आणि या खेपेला आशाताई दारात आली की तो कागद तिच्या हातात देईल.